धबधब्यांची जत्रा आणि सायकलीचा कैवार

पावसाळा लागला की आमच्या या सीमाभागात एक नवी जत्रा भरू लागते. तिला देव नाही, पालखी नाही, मानकरीही नाहीत. आहेत त्या केवळ मोटारी. शनिवारी दुपारपासून बेळगाव, कोल्हापूर, निपाणी, हुबळी आणि पणजी येथून त्यांच्या रांगा आंबोलीच्या, चोर्ल्याच्या व गोकाकच्या वाटेला लागतात. धबधब्याच्या पायथ्याशी कोंडी होते, कर्णे वाजतात, कणसे भाजली जातात, छायाचित्रे निघतात; आणि रविवारी रात्री ओलीचिंब मंडळी घरी परतून शेजाऱ्यास सांगतात की, आम्ही धबधबा पाहून आलो. या विधानावरच आमचा आक्षेप आहे. पाणी वरून खाली पडताना पाहणे आणि धबधबा पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. धबधबा हा नदीच्या दीर्घ चरित्रातील एक प्रसंग होय. ज्याने चरित्राची इतर पाने उघडलीच नाहीत, त्याने तेवढे एक पान फाडून खिशात घातले म्हणून ग्रंथ वाचल्याचा आव आणू नये.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, डोंगर, नद्या आणि तीन भाषा यांनी विणलेला हा प्रदेश मोटारीच्या काचेतून कळणे शक्य नाही. तो कळायचा तर पायी हिंडावे, आणि तितकी सवड नसेल तर सायकलीवर बसावे. जो समाज सायकल टाकतो, तो केवळ एक वाहन टाकीत नाही. शेजारच्या गावाशी असलेली ओळखही त्याबरोबर टाकतो. हे मत जुनाट आहे असे कोणी म्हणतील. म्हणोत बापडे! मत जुने की नवे हे पाहण्यापेक्षा ते खरे की खोटे हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

प्रथम एक गोष्ट बेळगावकरांच्या कानी घालावीशी वाटते. १८८८ साली डनलॉप याने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. त्याच साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव त्या वेळी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. तेथून त्यांनी सायकली पाठवाव्या आणि बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी त्या विकाव्या, इतकेच नव्हे तर गिऱ्हाइकास त्या चालवावयासही शिकवाव्या, असा तो व्यवसाय होता. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. परंतु त्या अवघ्या उद्योगवृक्षाचे मूळ बेळगावच्या मातीत आणि सायकलीच्या दोन चाकांत आहे. आजही बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. त्या रस्त्यावरून मोटारसायकलींच्या गर्दीत वाट काढणाऱ्या किती जणांस ही हकीकत ठाऊक असेल? ज्या गावाने अवघ्या दक्षिण महाराष्ट्रास सायकलीवर बसवावयाचे, त्याच गावाने आज सायकलीस गरिबीचे लक्षण मानावे, ही विस्मृती साधी नव्हे.

आता सायकलीने प्रवास म्हणजे काय, हे एका वाटेच्या उदाहरणाने सांगतो. निपाणीहून सकाळी निघावे. तंबाखूचे हे गाव. १९८१ साली याच गावच्या रस्त्यावर तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे मेली. आजही विडी वळणाऱ्या बायांच्या बोटांवर येथील कित्येक चुली पेटतात. गावाबाहेर पडताच अर्जुननगर लागते. तेथे देवचंद महाविद्यालय आहे. गाव निपाणी, राज्य कर्नाटक. महाविद्यालय मात्र कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात! निपाणीचा मुलगा तास चुकू नये म्हणून घाईने निघतो तेव्हा तो एक राज्य ओलांडून दुसऱ्यात जात असतो, आणि परतताना पुन्हा ओलांडतो. ज्या रेषेसाठी आयोग बसले, ती त्याच्या चाकाखालून दिवसातून दोनदा जाते आणि त्याला साधा धक्काही बसत नाही.

पुढे उत्तूर, मग आजरा. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आता भौगोलिक मानांकन मिळून प्रतिष्ठित झाला आहे. पण त्याचा सुवास कागदावर येत नाही, तो ओल्या शेताच्या बांधावर सायकल टेकवून उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आजऱ्याजवळ रामतीर्थ येथे हिरण्यकेशी खडकांवरून उतरते. नदीची ही पहिली गाठ. येथून तिच्या उगमाकडे जावे, म्हणजे रस्ता आंबोलीस पोहोचतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचे हे गाव वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलते. वेंगुर्ले बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडण्यासाठी इंग्रजी अमदानीत पारपोलीच्या घाटाने रस्ता झाला, तेव्हा वाटेवरचा मुक्काम म्हणून आंबोली नावारूपास आली. त्यापूर्वी व्यापाराचे ओझे रामघाटाने बैलांच्या पाठीवरून चढत असे. आज ज्या घाटात आपण कर्णा वाजवीत उभे असतो, तो मिठाचा, धान्याचा आणि सैन्याच्या रसदीचा मार्ग होता हे कोण आठवतो?

आंबोलीस एक गोष्ट डोळ्यांनी पाहावी. येथे पडलेला पावसाचा थेंब कड्याच्या पश्चिमेस घरंगळला तर कोकणात उतरून अरबी समुद्रास मिळतो. तोच थेंब हातभर पूर्वेस पडला तर हिरण्यकेशी होतो; आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेस मिळतो; गोकाकला सुमारे ५२ मीटर उंचीच्या कड्यावरून उडी घेतो आणि कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागरास जातो. आंबोलीचा धबधबा आणि गोकाकचा धबधबा ही एकाच पावसाची दोन बिऱ्हाडे आहेत. मोटारवाला एका शनिवारी हा पाहतो, दुसऱ्या शनिवारी तो पाहतो, आणि दोहोंचा संबंध त्याच्या ध्यानी कधी येत नाही. सायकलस्वार नदीच्या काठाने येतो, म्हणून संबंध त्याला शोधावा लागत नाही. तो पायांना कळतो. गोकाकच्या कड्यापाशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडाची गिरणी उभी राहिली आणि त्याच पाण्यावर १८८७ च्या सुमारास वीज निघाली. आंबोलीच्या ढगातून गोकाकच्या मागापर्यंत येणारी ही एकच कथा आहे.

परतीस चंदगडाच्या बाजूने बेळगाव गाठावे. चंदगडी बोलीत मराठी, कोंकणी आणि कानडी अशा काही मुरल्या आहेत की, कोणता शब्द कोणाचा हे ठरविताना पंडितांनी घाम पुसावा. शिनोळी महाराष्ट्रातील शेवटचे गाव, बाची कर्नाटकातील पहिले. दोहोंमधल्या शिवारात पीक तेच, पाऊस तोच आणि बोलीही तीच. आणखी एका दिवसाची सवड काढून जांबोटीवरून कणकुंबीस जावे. तेथे मलप्रभा उगम पावून पूर्वेस जाते, आणि तेथलेच कळसा नाल्याचे पाणी पश्चिमेस म्हादईला मिळते. या पाण्यासाठी लवाद बसला, २०१८ साली निवाडा झाला, तरी गोवा व कर्नाटक यांचे भांडण मिटलेले नाही. या नियतकालिकाच्या मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही वाचकांना आम्ही विचारतो : म्हादईवर आवेशाने बोलणाऱ्या आपल्यापैकी कितीकांनी तो नाला ओलांडला आहे? घाटावर कानडी शेतकरी जिला ‘होळे’ म्हणतो, मराठी शेतकरी नदी म्हणतो, तीच घाटाखाली ‘न्हंय’ होते. हे तीन शब्द तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून, एकाच प्रवासात, तहान लागलेली असताना ऐकणे, हे आमच्या मते या प्रदेशाचे पहिले शिक्षण आहे.

येथेच खरा मुद्दा येतो. सीमाप्रश्नावर आपण गेली साठ-सत्तर वर्षे बोलत आहोत. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, त्यातील २६४ गावे इकडे आणि २४७ गावे तिकडे हा हिशेब, महाराष्ट्राने मागितलेली ८६५ गावे, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, हे सारे आकडे सभेतील वक्त्यांस मुखोद्गत असतात. आकडे खोटे नाहीत आणि त्यांमागील वेदनाही खोटी नाही. परंतु ८६५ पैकी ८ गावांच्या चावडीवर बसून ज्याने पाणी प्यालेले नाही, त्याच्या तोंडी तो आकडा पोकळ वाजतो. हे आम्ही एकाच बाजूस उद्देशून म्हणत नाही. रेषेच्या दोन्ही अंगांस गावांच्या नावांवर हक्क सांगणारे पुष्कळ आणि गावे पाहणारे थोडे, अशी स्थिती आहे. २०२२ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२५ च्या फेब्रुवारीत तंटा पेटला, तेव्हा दोन्ही राज्यांमधील एस. टी. बस बंद पडल्या. बस बंद पडली की मोठ्या गावचा माणूस घरी बसला. परंतु शिवेवरचा दूधवाला, शाळकरी पोर आणि गवंडी यांना घरी बसून भागत नाही. त्यांना शीव ओलांडावीच लागते. सीमाभागाची वीण शाबूत राखण्याचे श्रेय द्यायचेच तर ते त्यांना द्यावे.

सायकलीवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप चढाचा. डोंगराळ मुलूख, तिथे सायकल कशी चालणार? हा आक्षेप घेणाऱ्याने नकाशा पाहिलेला नसतो. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर! म्हणजे बेळगावहून आंबोलीस जाणारा आरंभापेक्षा खालीच पोहोचतो. मधले चढउतार असतात, पण घाट म्हणून ज्याची धास्ती घ्यावी तो कोकणाच्या बाजूस आहे. १९२३ साली मुंबईहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा यांनी गिअर नसलेल्या सायकलींवर वाळवंटे व पर्वत ओलांडून १९२८ साली ती पुरी केली. त्यांच्या नातवंडांच्या पिढीने आजऱ्याच्या चढणीस भ्यावे हे शोभत नाही. आणि चढ फारच झाला तर उतरून सायकल हाताने ढकलावी. त्यात कोणाची अब्रू जात नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. साधा सायकलस्वार तासाला १२ ते १५ किलोमीटर जातो. बेळगावहून आंबोली ७० किलोमीटरच्या आत आहे. सकाळी निघाला तर विश्रांती, न्याहारी आणि एखादे पंक्चर धरूनही तो दिवस मावळण्यापूर्वी पोहोचतो, रात्री गावात मुक्काम करतो आणि दुसऱ्या दिवशी परततो. शनिवार-रविवार तर तुम्हीही खर्च करताच! फरक इतकाच की, तुम्ही तो वेळ कोंडीत घालविता आणि तो गावात घालवितो. मोटारवाला घरून डबा, पाणी व इंधन घेऊन निघतो आणि गावास देतो तो केवळ कचरा. सायकलस्वारास दर दोन तासांनी भूक लागते. म्हणून त्याचा पैसा चहाच्या टपरीवर, खाणावळीत आणि रताळी विकणाऱ्या बाईच्या पाटीत पडतो. पर्यटनाने खेड्यांचा विकास होतो असे ज्यांस सिद्ध करावयाचे असेल, त्यांनी हा साधा हिशेब मांडून पाहावा.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि त्यात तथ्य आहे. अवजड मालमोटारींच्या हमरस्त्यावर सायकलस्वाराचा जीव टांगणीस लागतो. पण हा दोष सायकलीचा की रस्त्याचा? गंमत अशी की, चांगल्या रस्त्यांची मागणी संघटितपणे प्रथम करणाऱ्यांत सायकलस्वारच होते. इंग्लंडात त्यांनी १८८६ साली रस्तेसुधारणेसाठी संस्था स्थापिली, तेव्हा मोटार नुकती कोठे जन्मास येत होती. ज्यांनी वाट मागितली त्यांनाच वाटेवरून हुसकावण्यात आले. रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडताना, कडेला हातभर जागा सायकलीसाठी राखावी असे आपल्याकडे कोणास सुचत नाही. आणि हा प्रश्न हौशी प्रवाशाचा मुळीच नव्हे. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली वाटल्या. त्या सायकलींनी खेड्यातील कित्येक मुलींना हायस्कुलाचे दार दाखविले. मुलीच्या हाती सायकल द्यायची आणि तिला चालवावयास वाट ठेवायची नाही, या धोरणास काय म्हणावे?

चौथा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, पण तोच सर्वांत बळकट आहे. तो प्रतिष्ठेचा. मुलगा कॉलेजात गेला की त्याला मोटारसायकल, नोकरीला लागला की मोटार. सायकलीवर दिसला तर नातेवाईक विचारतात, सर्व ठीक आहे ना? या आक्षेपास युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. त्याला एकच उत्तर, सायकलीवर बसून त्याच नातेवाइकाच्या दारी जाणे.

सरकारी यंत्रणेचेही थोडे सांगितले पाहिजे. २०२२ च्या नोव्हेंबरात किटवाडच्या धबधब्यात बेळगावच्या चार मुली बुडाल्या. २०२४ साली लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एक कुटुंब वाहून गेले. २०२५ साली कुंडमळ्याचा जुना पूल गर्दीच्या भाराने इंद्रायणीत कोसळला. दुर्घटना घडली की बंदीचा हुकूम निघतो, फलक लागतो, पोलीस उभा राहतो. २०२३ च्या जुलैत बंदी मोडून दूधसागराकडे गेलेल्या तरुणांस तर रूळांच्या कडेला उठाबशा काढावयास लावल्या गेल्या. जीव वाचविण्यासाठी बंदी घालणे हे कर्तव्यच आहे; परंतु बंदी हा विचाराचा आळस झाला की ती निष्फळ होते. शेकडो मोटारींना कड्याच्या टोकापर्यंत येऊ द्यायचे आणि मग गर्दी झाली म्हणून सर्वांनाच दार लावायचे, यात शहाणपण कोणते? सायकल माणसास बुडण्यापासून वाचवीत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण मोटारी दोन-तीन कोस अलीकडे थांबविल्या आणि पुढचा रस्ता पायी अथवा सायकलीने जाणाऱ्यांस मोकळा ठेवला, तर जमाव आपोआप विरळ होईल. जो येईल तो पाण्याविषयी थोडी तरी भीड बाळगून येईल. आणि मधल्या गावात सायकली भाड्याने देणाऱ्या पोरांस चार पैसे मिळतील. पूर्वी गावोगावी तासाच्या भाड्याने सायकली मिळत. ती दुकाने पुन्हा उघडण्यास कोणत्या आयोगाची आवश्यकता आहे?

सायकलीचा कैवार घेताना एका नव्या संप्रदायास मात्र आम्ही मोकळे सोडणार नाही. अलीकडे शहरांतून महागड्या सायकलींचे संघ निघाले आहेत. पहाटे उठणारी, शिस्तीची ही मंडळी. त्यांचे कौतुक आहे. परंतु त्यांतील अनेकांची दृष्टी हातावरच्या यंत्रावर खिळलेली असते. किती किलोमीटर, किती वेग, किती चढ, याचा जमाखर्च संध्याकाळी मित्रांत वाटावयाचा, आणि वाटेवरच्या गावाचे नाव विचारले तर गप्प बसावयाचे! हा प्रवास नव्हे. ही उघड्यावरची तालीम होय. फ्रान्समध्ये सायकलप्रवासाचा प्रसार करणारे पॉल द विवी यांनी शतकापूर्वीच बजावले होते की, दिमाखासाठी पायडल मारू नये. मोटारीची घाई सायकलीवर आणून बसविली तर आपण मिळविले काय? आमच्या या भागात काका कालेलकरांसारखा नद्यांचा भक्त वाढला. मार्कंडेयीस सखी मानून त्यांनी तिच्यावर लिहिले. ती दृष्टी वेगाने येत नाही, थांबण्याने येते. सायकलीचा सर्वांत मोठा गुण हाच की तिच्यावरून केव्हाही उतरता येते.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. सीमाभागातील प्रत्येक मराठी, कोंकणी आणि कानडी शाळेने वर्षातून एकदा तरी वरच्या वर्गातील मुलामुलींची सायकल-सहल काढावी, आणि ती राज्याची शीव ओलांडून जावी. साहित्य संमेलने व व्याख्यानमाला भरविणाऱ्या संस्थांनी वक्त्यास सभागृहाच्या दारी मोटारीने उतरविण्याआधी त्याला आसपासची चार गावे दाखवावी. तो पन्नाशीच्या आतील असेल तर सायकलीवरून. पावसाळ्यातील रविवारी सकाळी काही तास तरी धबधब्यांच्या अखेरच्या रस्त्यांवर खासगी मोटारींस मज्जाव असावा. नव्या रस्त्यांना सायकलीसाठी बाजूपट्टी असावी. यांपैकी एकाही गोष्टीस फार पैसा लागत नाही. लागते ती इच्छा. आणि तीच आपल्यापाशी नसेल, तर भाषेवरचे, भूमीवरचे आणि म्हादईवरचे आपले प्रेम फलकावरच्या अक्षरांइतकेच खोल आहे असे समजावे लागेल.

गावे आपली आहेत असे म्हणणे सोपे आहे. त्यांच्यापर्यंत स्वतःच्या पायांच्या बळावर जाऊन, त्यांच्या विहिरीचे पाणी पिऊन, त्यांच्या भाषेत पुढची वाट विचारणे थोडे कठीण आहे. हे कठीण काम ज्याने एकदा तरी केले आहे, त्याच्याच तोंडी ‘आपली’ हा शब्द शोभतो. मृगाचा पाऊस दरवर्षी वेळेवर येईल न येईल. पण तो आला की सायकलीच्या साखळीस तेल घालून, हवा तपासून, तिसऱ्या भाषेतले दहा शब्द पाठ करून निघा. धबधबा वाटेत लागेलच.